सासऱ्यांबरोबर महालक्ष्मीच्या रेसला

रेसकोर्स म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोनच गोष्टी माहीत असतात. एक म्हणजे फेब्रुवारीतल्या डर्बीला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मानाच्या रेसला, पेपरात येणारे मोठाल्या टोप्या घातलेल्या बायकांचे फोटो, आणि दुसरं म्हणजे कुणाचं तरी घर रेसपायी विकलं गेलं ती गोष्ट, जी प्रत्येक चाळीत एक तरी असतेच. या दोन्हीच्या मधलं काय असतं ते बघायची मला बरीच वर्षं उत्सुकता होती, कारण माझे सासरे त्या मधल्यातले आहेत. घर विकलं नाही, टोपी घातली नाही, पण रेसही सोडली नाही.

बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. तिथून रेसकोर्स चालत जाण्याएवढं जवळ, त्यामुळे हंगामात रविवारी गिरणगावातले निम्मे पुरुष (आईंच्या मते सगळेच) तिकडे. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो काही मिटला नाही. "रेस चालूच राहिली, आमचीच बंद पडली," असं बाबा म्हणतात. पुढे वॉचमनची नोकरी, पोरांची शिक्षणं, नालासोपाऱ्याचं घर, आणि सगळं मार्गी लागल्यावर पुन्हा रेस सुरू, पण मोजून मापून. हातखर्चाला जे पाकीट मिळतं त्यातूनच, त्याच्यापुढे एक रुपया नाही. हे मी खात्रीने सांगू शकते कारण ते पाकीट मीच भरते.

आईंना हे पटत नाही ते नाहीच. त्यावर बाबांचं एक हुकमी वाक्य आहे, सुप्रीम कोर्टाने १९९६ ला निकाल दिलाय की घोड्यांची शर्यत हा नुसता नशिबाचा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. (खरंच दिलाय, तामिळनाडूच्या केसमध्ये.) आई म्हणतात, "मग आज जेवायला पण कोर्टातच जा."

तर यंदा जानेवारीत मी म्हटलं, बाबा मी पण येते. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ये. पण टिप मागायची नाही कुणाकडे, आणि कुणी दिलीच तर ऐकायची नाही."

रविवार म्हणजे पश्चिम रेल्वेचा जंबो ब्लॉक आलाच, त्यामुळे लवकर निघालो. महालक्ष्मीला फास्ट गाडी थांबत नाही, दादरला उतरून स्लो पकडायची. दादरनंतर डब्यात बघितलं तर रेसला जाणारी माणसं लांबूनच ओळखू यायला लागली, खिशाला पेन, हातात गुंडाळी केलेलं छोटं पुस्तक, आणि एरवी लोकलमध्ये माणसं मोबाइल बघतात तसे हे लोक मान खाली घालून त्या पुस्तकात. बाबांनी एकाकडे बघून नुसती भुवई उडवली, त्याने दोन बोटं दाखवली, बाबांनी नकारार्थी मान हलवली. बस्स एवढंच. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "दुसऱ्या रेसचा फेव्हरिट त्याला आवडलाय, मला नाही." (फेव्हरिट म्हणजे जिंकेल असं सगळ्यांत जास्त लोकांना वाटतं तो घोडा.)

स्टेशनवरून बाहेर पडलं की पूर्वेला धोबीघाट आणि पश्चिमेला हाजी अलीकडे जाणारा केशवराव खाड्ये मार्ग, त्याच्याच कडेला रेसकोर्स. आपण बसमधून शंभरदा बघितलेलं असतं, सकाळी लोक चालायला येतात तेही माहीत असतं, पण रेसच्या दिवशी आत शिरल्यावर पहिल्यांदा धक्का बसतो तो मोकळ्या जागेचा. चारी बाजूंनी टॉवर उभे आणि मध्ये नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं हिरवं. १८८३ पासून रेस इथे आहे, त्याआधी भायखळ्याला होती, आणि ही जागा तेव्हा दलदल होती असं सांगतात. आता या जागेचं काय करायचं यावर भांडणं चाललेली असतात, रेस चालवणाऱ्या क्लबची लीज २०१३ ला संपलेली, मग २०२४ ला ठरलं की १२० एकर महापालिकेच्या पार्कला आणि ९१ एकर रेसकडे. रांगेत आमच्या पुढे दोघेजण त्यावरच बोलत होते, एकाचं म्हणणं पार्क झालाच पाहिजे, आणि हे तो रेसचं तिकीट काढता काढता म्हणत होता.

बाबा एरवी सेकंड एन्क्लोजरवाले. पण सून बरोबर आहे आणि पॅडॉक (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा) जवळून बघायचाय म्हणून फर्स्टची तिकिटं काढली, आणि वर "पैसे तू द्यायचे नाहीस" असा दम. मेंबर लोकांचा स्टँड वेगळा, मध्ये रेलिंग. पलीकडे लिनन, गॉगल आणि वेताच्या खुर्च्या, अलीकडे आपण. मला वाटलेलं अलीकडचे लोक पलीकडे टकामका बघत असतील, पण कुणी ढुंकून बघत नव्हतं, सगळे पुस्तकात.

ते पुस्तक आता सांगते, कारण अर्धा दिवस त्यातच जातो. दिवसाच्या सगळ्या रेस त्यात, सातेक असतात, दोन रेसमध्ये साधारण अर्धा तास. प्रत्येक घोड्याची एक ओळ. त्यात घोड्याचा नंबर, नाव, वय, रंग, नर की मादी की खच्ची केलेला, बाप कोण आई कोण, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवर वजन किती, गेटमधला ड्रॉ (सुटताना उभं राहायची जागा) कितवा, रेटिंग किती आणि मागच्या रेसमध्ये कितवा आला. बाबांनी बोट ठेवून एक ओळ वाचून दाखवली आणि मला पोरांच्या शाळेतली पहिली यत्ता आठवली, अक्षरं ओळखीची पण अर्थ लागेना. मग हळूहळू लागला. घोडा जिंकला की त्याचं रेटिंग वाढतं, रेटिंग वाढलं की वजन वाढतं, एका पॉइंटला अर्धा किलो. म्हणजे हुशार घोड्याच्या पाठीवर जास्त ओझं, मठ्ठाच्या पाठीवर कमी, जेणेकरून शेवटी सगळे एका रेषेत यावेत. जॉकीचं स्वतःचं वजन कमी भरलं तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या घालतात. रेसच्या आधी वजन, रेस झाल्यावर पुन्हा वजन.

"मग जिंकतो कोण?" मी विचारलं.

"तेच तर शोधायचंय," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

इथे मास्तर भेटले. बाबांच्याच गिरणीतले, मास्तर कशाचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळे मास्तरच म्हणतात. पंच्याहत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि एका पेनाला लाल एका पेनाला हिरवी टोपी. मला बघून आधी जरा अवघडले, "वहिनी आल्यात काय" असं म्हणाले आणि मग सून आहे कळल्यावर दुप्पट अवघडले. बायका तिथे अगदी नव्हत्या असं नाही. एक वयस्कर पारशी बाई एकटीच आल्या होत्या, फ्रॉक, गळ्यात दुर्बीण, आणि पैजा घेणाऱ्या एका बुकीशी अशा गुजरातीत भांडत होत्या की तो माणूस हसून हात जोडत होता. मास्तर म्हणाले या बाई पूर्वी मिस्टरांबरोबर यायच्या, आता एकट्या येतात, आणि "त्यांच्या मिस्टरांपेक्षा त्यांना जास्त कळतं".

पहिल्या रेसच्या आधी पॅडॉकला गेलो. मला विचाराल तर तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात. गोल वाटेवरून सईस लोक एकेक घोडा लगाम धरून फिरवत असतात आणि तुम्ही कठड्याला टेकून अगदी हाताच्या अंतरावरून बघता. मी आयुष्यात घोडा बघितलेला तो चौपाटीवरचा नाहीतर माथेरानचा, पाठ खाली गेलेला, डोळ्यांवर माश्या. हे प्रकरणच वेगळं. कातडीखाली शिरा दिसतात, दर पावलाला मांडीचा स्नायू सरकताना दिसतो, आणि अंगाला अशी तकाकी की आदल्या रात्री कुणी पॉलिश मारलंय. एक काळपट तपकिरी घोडी होती सात नंबरची, ती चालताना सईसाच्या खांद्यावर सारखं नाक घासत होती आणि तो न बघता कोपराने तिला बाजूला करत होता, ती परत घासत होती. चार नंबरचा, म्हणजे फेव्हरिट, त्याच्या मानेवर आणि मागच्या पायांच्या मध्ये पांढरा फेस आलेला. मास्तर हळूच म्हणाले, "घाम बघा. पळायच्या आधीच पळून झालंय त्याचं." आणि हिरव्या पेनाची खूण खोडली.

मग जॉकी आले. किती बारीक असतात हो ही माणसं! पोरगेलेसे दिसतात पण तोंडाकडे बघितलं तर चाळिशीच्या सुरकुत्या. अंगावर मालकाच्या ठरलेल्या रंगाचे सिल्कचे शर्ट, मालकांना टोपीला हात लावून सलाम, ट्रेनर कानात काहीतरी सांगतो, मग एका पायाला हाताचा आधार देऊन वर उडवतात, आणि तो माणूस एका क्षणात सहा फूट उंच होतो. ट्रेनरने कानात काय सांगितलं असेल यावर कठड्याच्या या बाजूला लगेच चार मतं तयार.

जॉकींवरून आठवलं, बाबा आणि मास्तर यांचं एक कायमचं भांडण आहे. बाबा वसंत शिंद्यांचे भक्त, मास्तर पेसी श्रॉफचे. पेसी श्रॉफने आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली, पुढे ट्रेनर म्हणूनही नाव काढलं, त्यामुळे आकड्यांत मास्तर वरचढ. पण बाबांचं म्हणणं असं की शिंदे घोड्यावर बसला की घोड्याला कळायचं आपल्यावर माणूस बसलाय. आता याला काय पुरावा देणार, पण हे वाक्य दोघांनाही आवडतं, मास्तरसुद्धा मान हलवतात. स्क्वाँडरर नावाच्या घोड्याबद्दल मात्र एकमत. सत्तरच्या दशकातला, १९ पैकी १८ रेस जिंकलेला. तो कसा पळायचा हे सांगताना मास्तरांनी हाताचा पंजा हवेत असा सपाट सरकवला, काही बोललेच नाहीत.

आता पैसे. दोन जागा असतात, टोट आणि बुकी. टोटच्या खिडकीवर सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून क्लबचं कमिशन आणि टॅक्स कापून उरलेलं जिंकणाऱ्यांमध्ये वाटतात, त्यामुळे तुमच्या घोड्यावर किती मिळणार ते रेस सुटेपर्यंत बदलत राहतं. बुकीकडे तसं नाही, तिकीट फाडलं त्या क्षणीचा भाव तो तुमचा. हे लायसनवाले बुकी, रिंगमध्ये ओळीने बसतात, डोक्यावर भावाचे बोर्ड. शेवटच्या दहा मिनिटांत ते रिंग बघण्यासारखं असतं. एका बोर्डावर भाव हलला की बाजूच्याचा हलतो, मग पलीकडच्याचा, माणसं इकडून तिकडे पळतात, कुणी ओरडतं "दोन पडला, दोन पडला", म्हणजे घोडा नाही पडला, भाव पडला, म्हणजे कुणीतरी मोठी रक्कम लावली, म्हणजे आतली खबर आहे. आतली खबर हा इथला खरा धंदा आहे. प्रत्येकाचा कुणीतरी सईस ओळखीचा, कुणाचा मेव्हणा तबेल्यात, कुणाच्या टॅक्सीत परवा ट्रेनर बसलेला. आणि गंमत म्हणजे एकाच रेसमध्ये निदान पाच वेगवेगळ्या घोड्यांची अशी पक्की खबर फिरत असते, आणि घोडा तर एकच येतो ना. बाकीच्या चार खबरी कुठे जातात हे कुणी विचारत नाही.

मी टोटवर गेले. विन म्हणजे पहिला यायला हवा, प्लेस म्हणजे पहिल्या दोघा-तिघांत आला तरी चालेल, फोरकास्ट म्हणजे पहिले दोन क्रमाने सांगा, टनाला म्हणजे पहिले तीन क्रमाने. मी सात नंबरच्या घोडीवर शंभर रुपये प्लेस लावले, कारण ती नाक घासत होती. बाबांना कारण सांगितलं नाही. ते बाजूच्या खिडकीवर जॉकपॉट लावत होते, (इकडे सगळे जॉकपॉटच म्हणतात, जॅकपॉट म्हणणारा नवखा,) म्हणजे ओळीने पाच रेसचे पाच विनर. एका रेसला एकच घोडा धरला तर तो बँकर, बाकीच्यांत दोन दोन तीन तीन धरायचे, मग गुणाकार. दोन गुणिले एक गुणिले तीन गुणिले दोन गुणिले दोन, चोवीस कॉम्बिनेशनं, तेवढ्या पटीत पैसे. चौघांत मिळून एक तिकीट, आणि कुठला घोडा घ्यायचा कुठला सोडायचा यावर जी चर्चा झाली ती आमच्या घरी लग्न ठरवताना झाली नव्हती.

घोडे स्टार्टला जातात तेव्हा एक विचित्र शांतता होते. बाराशे मीटरची रेस असली की सुरुवात समोरच्या बाजूला, पार लांब, साध्या डोळ्यांना नुसते रंगीत ठिपके. स्पीकरवर इंग्रजी कॉमेंट्री. बाबांचं इंग्रजी बँकेच्या फॉर्मला अडतं पण ही कॉमेंट्री त्यांना शब्द न शब्द कळते. गेट उघडलं आणि ठिपके हलले. पहिल्या अर्ध्या रेसला काहीच आवाज नाही, माणसं पण नुसती पुटपुटत असतात. मग वळण घेऊन घोडे सरळ रस्त्याला लागले की मागून एकदम सुरू होतं, "चार! ए चार! मार, मार रे!", "दोन नंबर, काढ बाहेर!", हिंदी मराठी गुजराती तमिळ सगळं एकात एक, आणि त्या सगळ्याच्या खालून एक धडधड येते. कानाला ऐकू यायच्या आधी ती कठड्याला धरलेल्या हाताला कळते. समोरून गेले तेव्हा चिखलाचे गोळे उडाले, चाबकाचा फटका ऐकू आला, एका जॉकीचं ओरडणं ऐकू आलं, आणि संपलं. सव्वा मिनिटसुद्धा नसेल. माझ्या बाजूचा माणूस सफारी सूटमधला, चांगला पोक्त, तो दोन्ही हातांनी स्वतःच्याच मांडीवर चाबूक मारत होता, रेस संपल्यावर त्याने पुस्तक सरळ केलं आणि मला म्हणाला, "सॉरी हां ताई."

चार नंबर पाचवा आला. मास्तरांनी कुणाकडे न बघता चष्मा वर सरकवला. माझी सात नंबर दुसरी. मी जरा जास्तच जोरात ओरडले असेन कारण बाबा म्हणाले, "हळू. अजून वजन व्हायचंय." कारण घोडे आल्या आल्या पैसे मिळत नाहीत, जॉकींचं वजन बरोबर भरलं पाहिजे, कुणी ऑब्जेक्शन घेतलं तर स्टुअर्ड लोक, म्हणजे रेसचे पंच, रेकॉर्डिंग बघतात, मग निकाल पक्का. तोपर्यंत तिकीट फाडायचं नाही हा पहिला धडा, तरी जमीन फाडलेल्या तिकिटांनी भरून गेलेली. पक्का झाल्यावर मला शंभराचे एकशे चाळीसच्या आसपास मिळाले. आता इथे एक बारीक गोष्ट. रेसच्या बेटिंगवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय, आणि तो लावलेल्या पूर्ण रकमेवर. तो हिशोब धरला तर मी जिंकून जिथल्या तिथे. मास्तर म्हणाले, "आता कळलं का, बाहेरच्या बिगर लायसनवाल्यांकडे पब्लिक का जातं ते." मला सरकारचं म्हणणंही कळतं, जुगाराला कशाला सूट द्यायची. पण मग कर भरणारा कोपरा ओस पडून न भरणारा फुगणार असेल तर कुणाचं भलं झालं, असंही वाटलं.

दुपारी वडापाव आणि चहा. खाण्याबद्दल लिहायला फार काही नाही, चहा गोडमिट्ट आणि महाग.

मधल्या वेळात मी परत पॅडॉकपाशी जाऊन उभी राहिले, बाकीचे जॉकपॉटच्या पुढच्या रेसवर खल करत होते. एक सईस, बिहारी पोरगा, घोडा थंड करायला फिरवून आलेला, पाणी पीत बसला होता. त्याच्याशी बोलले. पहाटे चारला दिवस सुरू, घोड्याचा खरारा, तबेला, मग सकाळी ट्रॅकवर व्यायाम, मग खाणं. पावसाळ्यात सगळा बाडबिस्तरा पुण्याला, तिथे जुलैपासून रेस, मग हिवाळ्याला पुन्हा मुंबई. गावाला कधी जातोस, तर हसला. मी विचारलं घोडा म्हातारा झाला की पुढे काय, तर म्हणाला नशीब, चांगला जिंकलेला असेल तर स्टडफार्मला पोरं काढायला, नाहीतर रायडिंग स्कूल, नाहीतर कुठेही. यावरून मला जे आधी वाचलेलं ते आठवलं. पुण्याच्या पूनावालांचा स्टडफार्म, तिथले रिटायर घोडे परळच्या हाफकिनला द्यायचे, घोड्याच्या रक्तातून सर्पदंशावरचं, धनुर्वातावरचं औषध काढायला. त्यातूनच सायरस पूनावालांना वाटलं की आपणच का करू नये, आणि १९६६ ला सिरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. म्हणजे करोनात आपल्यापैकी बहुतेकांनी दंडावर जी कोविशिल्ड घेतली तिची मुळं कुठे तरी या हिरवळीपर्यंत येतात. हे मी नंतर बाबांना सांगितलं तर त्यांनी ते लगेच पाठ केलं, मला माहितीये ते आईंसाठी.

बाबांचा जॉकपॉट दुसऱ्याच रेसला गेला. बँकरच गेला, अर्ध्या मानेने. मला वाटलं आता चेहरा पडणार, निघूया म्हणतील. तसं काही नाही. दोन मिनिटं "जॉकीने उशिरा काढला" झालं, मग "घोडा ट्राय नव्हता" झालं. हे वाक्य इथे हवापाण्यासारखं बोललं जातं, म्हणजे मालकाला आज जिंकायचंच नव्हतं, रेटिंग खाली आणायचंय. खरं असेल किंवा नसेल, पण हरलेल्या माणसाला ते फार उपयोगी पडतं, आपलं डोकं शाबूत राहतं, चूक दुसऱ्याच्या मनातली निघते. आणि मग बाबा आणि मास्तर सरळ दुसऱ्या एका ग्रुपच्या जॉकपॉटमध्ये घुसले, पैसे न लावता, नुसते सल्ला द्यायला. त्या ग्रुपचे चार घोडे आलेले, पाचव्याची वाट. तोपर्यंत सगळ्या कठड्याला ही बातमी कळलेली आणि अनोळखी माणसं येऊन विचारत होती, "शेवटी कोण आहे तुमचा?" एक टॅक्सीवाला, एक बँकेतला रिटायर माणूस आणि एक केटरिंगवाला असं ते त्रिकूट होतं, तिघेही त्या अर्ध्या तासात एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

शेवटच्या रेसला ऊन उतरलेलं, समुद्राकडून वारा सुटलेला, टॉवरच्या सावल्या ट्रॅकवर पडलेल्या. दोन घोडे एकत्र आले. फोटो फिनिश. बोर्डावर काहीच नाही. सगळेजण आपापल्या डोळ्यांची ग्वाही द्यायला लागले, "नाक होतं, नाक, आपला पुढे होता", आणि उभं राहायच्या जागेवरून कोण पुढे दिसतं हे ठरतं हे माहीत असूनही प्रत्येकजण छातीठोक. पारशी बाई दुर्बीण खाली करून शांतपणे म्हणाल्या, "आउटसाइड वालो." बोर्ड लागला तर तोच. त्या तिघांचा आतला होता.

टॅक्सीवाल्याने तिकीट घडी करून खिशात ठेवलं, फाडलं नाही. कन्सोलेशन मिळतं, चार बरोबर आले तरी थोडं वाटतात. केटरिंगवाला आधीच विचारत होता गुरुवारचं पुस्तक कधी येतं.

बाहेर पडताना मी बाबांना विचारलं किती गेले. त्यांनी आकडा सांगितला, सांगत नाही इथे, पण मी पाकिटात टाकते त्याच्या आतला होता, आणि मल्टिप्लेक्समधल्या एका संध्याकाळच्या खर्चापेक्षा कमी. त्यात उन्हात दिवसभर चालणं झालं, गुणाकार झाले, जुने मित्र भेटले. यावरून मी कुणाला रेस खेळा म्हणणार नाही. गेटबाहेर एकजण उभा राहून घरी जायला पैसे मागत होता, चांगल्या घरचा वाटत होता, आणि त्याच्याकडे बघून बाबांनी मान फिरवली, ओळखीचा होता हे मला कळलं. त्याच्याविषयी त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मास्तर मुलीकडे ग्रँट रोडला राहतात, म्हणजे त्यांची गाडी चर्चगेटकडची, आमची विरारकडची. स्टेशनपर्यंत ते आपल्या चार नंबरच्या घामावर बोलत होते, की आपल्याला दिसलं होतं, लिहून ठेवलेलं, आणि पैसे मात्र तरी त्याच्यावरच का लावले याचं एक लांबलचक कारण होतं ज्यात ड्रॉ, ट्रॅक आणि जॉकीचा मागचा रविवार असं सगळं येत होतं. जिन्यापाशी आम्ही वेगळे झालो. आम्ही आमच्या प्लॅटफॉर्मवर आलो तर ते समोरच्या प्लॅटफॉर्मवर उभे, आणि कारण अजून पुरं व्हायचं होतं. रुळांच्या पलीकडून ओरडून सांगत होते, बाबा कानाला हात लावून ऐकत होते. मध्ये एक फास्ट धडधडत गेली, आणि ती गेल्यावर मास्तरांनी वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं, "...म्हणून म्हणतो गुरुवारी दुसऱ्या रेसला पाच नंबर सोडू नका!"

"टिप ऐकायची नाही," मी बाबांना म्हटलं.

"ती टिप नाही, मास्तरांचा अभ्यास आहे," असं म्हणत त्यांनी पेन काढलं.